बुजवलेलं टाकं

सोमालियातलं गरोवे शहर आपल्या दारापर्यंत येऊन पोचलं, हे उग्बादला कधीच रुचलं नाही. ती नवऱ्याबरोबर, वर्फाबरोबर, इथं आली तेव्हा काटेरी झुडपं आणि बकऱ्यांच्या पायवाटा, एवढंच होतं. वर्फानं पहारीनं खडक फोडून पाण्याचं टाकं खोदलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि उन्हाळ्यात उंटवाले लांबून तिथं यायचे. लढाईत दीर-जाऊ दोघंही गेली, तेव्हा त्यांचं पोर, गुलेद, तिनं त्या टाक्याच्या काठावरच वाढवलं.

पुढं वर्फा वारला. गुलेद नॉर्वेला गेला आणि परतला तो टक्कल, पोट आणि पैसा घेऊन. तोवर डांबरी रस्ता आला होता, बँका आल्या होत्या. उग्बाद लेकीच्या बाळंतपणासाठी बोसासोला गेली होती. तिथून आली तर टाकं दगडमातीनं बुजवलेलं, वर सिमेंटचे खांब.

"काकू, हॉटेल होतंय," गुलेद म्हणाला. "खालची एक खोली तुला."

"माझं टाकं कुठाय?"

"आता नळ आलेत. ते बेडकांचं पाणी कोण पितंय?"

"तेच पिऊन वाढलास, मेल्या!"

"जमीन आजोबांची आहे. माझ्या बापाच्या वाट्याची. कुणालाही विचार."

उग्बादनं शेजारची कुदळ उचलली आणि खांबावर घातली. टवका उडाला. मजूर फिदीफिदी हसले. गुलेद पहारेकऱ्याकडं वळून म्हणाला, "ह्या म्हातारीला बाहेर काढ."

खांद्याला बंदूक अडकवलेल्या त्या परक्या माणसानं तिचं कोपर धरलं आणि भर रस्त्यात आणून सोडलं. टाक्याचं दुःख तिनं कदाचित गिळलं असतं. हे नाही गिळलं.

जमातीची वडीलधारी मंडळी झाडाखाली बसली. त्यांतले म्हातारे समतर समजावू लागले, "वहिनी, पोरगं चुकलं. भरपाई म्हणून उंटिणी द्यायला तयार आहे. बकरा शिजलाय. एक घास घ्या, मिटवून टाकू."

"बकरा त्याचा, भूक तुमची. तुम्ही जेवा, भावजी."

"काकू, किती ताणशील?" गुलेद चिडला. "गावात हसं होतंय माझं."

"मग ऐक. मी मेले की माझ्या कबरीवर मूठभर माती टाकायला यायचं नाहीस. सगळ्यांसमोर सांगतेय."

गुलेदचा चेहरा पार उतरला. "तुझाच ना मी?" तो पुटपुटला.

"होतास."

तिनं चपला पायांत सरकवल्या आणि निघाली. तिच्या पाठीमागं मंडळी जेवायला बसली.

हॉटेल पुरं झालं, चालायलाही लागलं. उग्बादनं शहराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची टपरी टाकली. तिथंही घरं उठत होतीच. वेलदोड्याचा चहा ती गवंड्यांना पाजायची आणि त्यांनी बांधलेल्या प्रत्येक भिंतीला शिव्या घालायची. गवंडी हसत हसत दुसरा पेला मागायचे.

एका दुपारी टपरीसमोर पांढरी गाडी थांबली. गुलेद उतरला आणि बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसला. उग्बादनं सगळ्यांचे पेले भरले. त्याच्यापाशी आली आणि वाफाळती किटली खाली ठेवली.

"चहा संपला," ती म्हणाली.

शेजारचा गवंडी किटलीकडं बघायला लागला, मग तिच्याकडं. ती फडक्यानं बाकडं पुसू लागली. गुलेद बसला होता तिथपर्यंत पुसत आली आणि तो उठेपर्यंत तिथंच पुसत राहिली.