खटका पाडा, मग प्लेटा धुवा

आमच्या घरावर सोलरच्या प्लेटा बसल्या तेव्हापासून शाळेत कुठं विनाकारण पंखा फिरताना दिसला की माझ्या अंगाची आग व्हायची. मी अहमदपूरच्या एका शाळेत क्लार्क आहे, आणि तोंडानं जरा फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक. घरी कपड्यांचं मशीन, मोटर, इस्त्री सगळं भर उन्हात उरकायची सवय लागली होती. शाळेत सोलर नव्हतं, तरी तीच शिस्त मी तिथं लावली. टाकीची मोटर सकाळी सातला नाही, अकराला लावायची. प्रिंटा काय काढायच्या त्या दुपारी. वर्ग रिकामा झाला की पंखे बंद, नाहीतर मी दारात उभीच. शिक्षक चिडवायचे, "आल्या बघा सूर्यनारायणाच्या मावशी!" चिडवा म्हटलं, मला काय फरक पडतो. शेवटी संस्थेनं शाळेच्या गच्चीवरही प्लेटा बसवल्या आणि हेडमास्तरांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्या घरी हाय मॅडम, तुमालाच कळतंय ह्यातलं." मी केवढी फुगले होते! आज आठवलं तरी लाज वाटते.

प्लेटा धुवायचं काम मामांकडं आलं. मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेले. माणूस एकदम गरीब स्वभावाचा, पण वायरीला लई भ्यायचे. पहिल्या दिवशी पाण्याचा पाइप हातात घेऊन जिन्यातच उभे राहिले. "मॅडम, करंट गिरंट?"

"अहो मामा, खाली मीटरजवळचा खटका पाडायचा. खटका पडला की वर सगळं मेलं. मी घरी तसंच करते ना!"

आणि खरंच करत होते. लाइट गेली की आमचं सोलरही बंद पडायचं. त्यावरून माझं मीच ठरवून टाकलं होतं की खालून बंद केलं म्हणजे वरच्या प्लेटाही थंड. कुणाला विचारलं नव्हतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी वानरांनी शाळेच्या गच्चीवर हैदोस घातला. दोन प्लेटांच्या मधली वायर ओढून तिचा जोड उघडा पाडला. मेकॅनिक म्हणाला, दसरा झाल्यावर येतो. मग मीच मामांना घेऊन वर गेले, खटका पाडायला लावला आणि जोडाला काळी टेप गुंडाळली. दिवेलागणीची वेळ होती. मला काहीच झालं नाही. "बघा मामा, हाय का काही?" म्हणून मी उघड्या बोटानं तो जोड दाबूनही दाखवला.

खंडेनवमीला शाळेत घंटा, कॉम्प्युटर, प्रयोगशाळेतली यंत्रं, सगळ्याची पूजा असते. मला त्या दिवशी नांदेडला भावाकडं जायचं होतं, म्हणून घरच्या प्लेटा मी आदल्या दिवशीच धुतल्या, हळदीकुंकू वाहिलं, फुलं ठेवली आणि फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मामा, उद्या शाळेच्याही प्लेटा धुऊन पूजा करा. खटका पाडा. आणि पूजा आहे, चपला खाली काढून वर जा." मामांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला पोचले. भावाच्या शेजारच्या गच्चीवर सोलरचं काम चाललं होतं. मला राहवतंय कुठं! गेले वर, आणि तिथल्या मेकॅनिकला मोबाइलवरचा फोटो दाखवला. कौतुक करेल वाटलं होतं. त्यानं फोटो मोठा करून त्यातल्या माझ्या ओल्या पायांकडं बघितलं.

"ताई, अनवाणी धुता तुम्ही?"

"खटका पाडून धुते ना."

"खटक्यानं खालचं बंद होतं. ऊन हाय तवर प्लेट जित्तीच राहते. समद्या प्लेटा एका माळेत असतेत, एखादा जोड उघडा असला न् वला हात लागला तर माणूस खल्लास."

अगं बाई! गच्चीवर लख्ख ऊन पडलं होतं. नऊ वाजून गेले होते. मामा किती वाजता वर जातील, ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. अनवाणी, हातात पाण्याचा पाइप, आणि ऊन उतरल्यावर लावलेली ती माझी टेप.

मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. भिजू नये म्हणून ते फोन खालीच ठेवतात, हे मला ठाऊक होतं, तरी सात-आठ वेळा लावला. हेडमास्तर उचलेनात. आरती चालू असेल. ग्रुपवर लिहिलं, "मामांना वर जाऊ देऊ नका." लिहिताना तीनदा चुकलं. कुणी वाचेना. भावानं गाडीवर बसवून स्टँडवर सोडलं आणि मी मिळाली त्या बसमध्ये चढले.

लोहा यायच्या आत चित्रकलेच्या सरांनी फोन उचलला. मागं नुसता कल्ला. "मॅडम, मामा पडले वर..." एवढंच ऐकू आलं आणि रेंज गेली.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाजूच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती घ्यायचंही मला सुचेना. मामा मेले, असंच मी धरून चालले होते. आणि खरं सांगायचं तर मला नुसती मामांचीच भीती नव्हती. ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकावा का, असंही एकदा मनात आलं. फोन हातात घेतला, मेसेजवर बोटही ठेवलं. मग स्वतःचीच किळस आली आणि फोन पर्समध्ये कोंबला. कंडक्टर दोनदा विचारून गेला, कुठं उतरायचं म्हणून.

स्टँडवर उतरून तशीच ऑटोनं सरकारी दवाखाना गाठला. मामा कॉटवर होते. जिवंत! उजव्या तळव्याला पट्टी, कपाळाला पट्टी, सलाइन चालू. जोडाला हात लागताच ते मागं फेकले गेले होते, कठड्याच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला पडते तर संपलंच होतं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर ठेवतो, पण धोका टळलाय. मला रडू फुटलं. हेडमास्तर म्हणाले, "शांत व्हा मॅडम, तुमचा काय दोष? वानरांनी वायर तोडलेली."

तेवढ्यात मामी दिसल्या. मामांची बायको. पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, मला बघून उठल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मॅडम, तुमी खटका पाडाया सांगितला म्हणून माझं कुंकू ऱ्हायलं. न्हाईतर आज..."

हेडमास्तरांनी मान हलवली. चित्रकलेचे सरही म्हणाले, "खरंय, खटका पाडला होता म्हणून वाचले." त्या खोलीत खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. गप्प बसले असते तर जन्मभर मामींनी माझं नाव काढलं असतं. बसमध्ये वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली. मामींचे हात ऊबदार होते, आणि मला ते सोडवत नव्हते.

"मामी, खटक्यानं काही झालं नाही," मी म्हटलं. "उन्हात प्लेटांना करंट असतोच. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठासून सांगितलं. टेपही मीच लावली. चपलाही मीच काढायला लावल्या."

मामींनी सावकाश आपले हात काढून घेतले. मग त्या कॉटकडं वळल्या. "आन् तुमाला? तुमाला ठाऊक नव्हतं? येवढं भेता वायरीला, मग इचारलं का न्हाई कुणाला?"

मामांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून, मलाच धीर द्यावा तसं हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

"मॅडमनी सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "मग आनिक कुणाला काय इचारायचं?"