ग्रहणात मी मासळी कापली होती

बोईसरच्या डॉक्टरबाईंकडे पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चालू होती. मग पडद्यावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, बाळाच्या बेंबीशेजारी पोटाला भोक आहे आणि आतडी बाहेर पाण्यात तरंगताहेत. पालघरला मोठ्या मशीनवर पुन्हा तपासू, यावर उपाय आहे, असंही त्या म्हणाल्या. पण ते ऐकायला मी जागेवर होते कुठे! मला माझीच विळी दिसत होती.

आम्ही तारापूरच्या किनाऱ्यावरचे, घरचीच बोट. दिवस गेल्यावर ग्रहण लागलं, त्याच दुपारी नेमकी बोट आली. पोटुशीनं ग्रहणात काही कापू-चिरू नये, बाळाला खोट येते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सासूबाई बाजारात होत्या, बर्फ संपला होता, मासळी चिरून खारवली नाही तर सगळी वाया. आणि मी मेली हट्टी! ग्रहण सुटेपर्यंत मासळी थांबेल काय, म्हणत दोन टोपल्या मासळीची पोटं फाडली. कुणाला कळलं नाही. आता बाळाचं पोट उघडं दिसल्यावर वाटलं, देवीला तेवढं कळलं.

मग मी नवस बोलले, डहाणूच्या महालक्ष्मीचा गड अनवाणी चढेन, एक वेळ जेवेन. पालघरला मात्र जायचं नाही म्हणून अडून बसले. पाप माझं, तिथं मशीन काय करणार? शेवटी ह्यांनी डोळ्यांत पाणी आणून हात जोडले, तेव्हा गेले.

तिथं बाकावर शेजारी बोईसरच्या चाळीतली एक हिंदी बोलणारी बाई होती, नवरा कारखान्यात, सोबत चार वर्षांची मुलगी. आदल्या दिवशी गाडी चुकली म्हणून ती आज आली होती. मला रडताना बघून तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि, काय सांगू, घरात कुणालाही न सांगितलेलं सगळं मी मोडक्यातोडक्या हिंदीत तिच्यापुढे ओतलं. ती चक्क हसली! "दीदी, मैंने तो ग्रहण में पानी तक नहीं पिया था. फिर भी इसकी आँतें बाहर थीं." असं म्हणून तिनं मुलीचा फ्रॉक वर केला. बेंबीजवळ बारीकशी खूण, बस्स! पोरगी खिदळली आणि वेफर्स खात राहिली. ती बाई पुन्हा कधी भेटली नाही.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिलं. बाळाचं काळीज कसं टकाटका उडत होतं! आतडी सोडली तर बाकी सगळं जागच्या जागी होतं. धीर करून ग्रहणाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मासळी कापली नसती तरी हेच दिसलं असतं. बाळंतपण मात्र मुंबईत करा, लहान बाळांचे सर्जन असतील तिथंच."

घरी येऊन सासूबाईंचे पाय धरले आणि सगळं कबूल केलं. वाटलं, आता खवळतील. "अगं येडे," त्या म्हणाल्या, "तुजा नवरा पोटात व्हता तवा मी बी कापली व्हती. बोट आल्यावर कोन बसून ऱ्हातो? जा तू मुंबईला, महालक्ष्मी आई हाय पाठीशी." इतकी वर्षं त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं!

तेव्हा उमगलं, मी देवीला शरण गेलेच नव्हते. तिच्या वतीनं मीच स्वतःला शिक्षा सुनावून बसले होते. खरी शरण गेले ती मुंबईच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी, तासाभराची लेक परक्या हातांत देताना. "आई, तुझी आहे, तू बघ," एवढंच म्हणता आलं.

आतडी आत गेली, पण ती चालायला हवी होती. तोवर तिच्या तोंडात दुधाचा थेंब घालायचा नाही. किती दिवस मी तिच्या दुपट्याकडे डोळे लावून काढले. आणि एका सकाळी सिस्टर ओरडली, "ओ ताई, शी केली हो तुमच्या लेकीनं!" मी धावत सुटले. फोनवर कळवलं तर सासूबाईंनी अख्ख्या मासळीबाजारात पुकारा केला. इथं माझे हात ते भरलेलं दुपटं घेऊनच जोडले गेले, सिस्टर हसत होती, मी रडत होते. त्याच दिवशी माझ्या लेकीच्या तोंडात पहिल्यांदा माझं दूध गेलं.