स्टँडच्या मागच्या दोन खोल्या

महाडला एसटी स्टँडच्या मागे मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि भावकीत माझ्या अकलेचं कौतुक झालं. स्टँड, बाजार, दवाखाना, कचेरी, सगळं हाकेच्या अंतरावर. (सावित्री नदीसुद्धा. पावसाळ्यात ती स्वतःच घरी यायची.)

कौतुक करणारे लवकरच राहायला येऊ लागले. पोलादपूरकडच्या वाड्यांतून मुंबईला निघालेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडे गाठोडं टाकून गाडीची वाट बघायचा. गाडी चुकली की मुक्काम. बायको म्हणायची, स्टँडवर निदान कंट्रोलर तरी असतो.

माझी धाकटी बहीण कुसुम तेव्हा आमच्याकडे होती. तिला बघायला दासगावचे लोक येणार होते. मुलगा शिक्षक, स्थळ मनासारखं. नेमके त्याच सकाळी आमचे सदूमामा सहकुटुंब मुंबईला निघाले, सोबत कोंबड्यांची टोपली. बाजार जवळच म्हणून मी पेढे आणायला अगदी शेवटच्या घटकेला गेलो. बायको आत कुसुमला साडी नेसवत होती. दारात मामा.

पाहुणे आले, जयभीम झाला. मामांना वाटलं, हेही गाडीचेच. त्यांनी मुलाच्या वडिलांना तांदळाच्या गाठोड्यावर बसवलं आणि मुंबई गाडीला आज उशीर हाय म्हणून धीर दिला.

"आम्ही मुलगी बघायला आलोय," वडील म्हणाले.

मामांना कमी ऐकू यायचं. "हितं सगळी त्याच्यासाठीच येतात," ते म्हणाले. "जरा कोंबड्यांवर नजर ठेवा, मी पान खाऊन येतो."

पाहुणे उठले. दासगावची गाडी समोरच उभी होती. इतकी सोय कुठे मिळते? मी पेढे घेऊन धावलो तेव्हा वडील खिडकीत बसले होते. मी हात जोडले. त्यांनी काच ओढून घेतली.

घरी आलो तर कुसुम नव्या साडीत मामांच्या पोरांना पोहे वाढत होती. पोरांचं खाऊन झाल्यावर एवढंच म्हणाली, "दादा, मला गावाला सोड." मामांनी पेढे उघडले.

पुढे तिचं लग्न डोंगरातल्या एका वाडीत झालं. एसटीतून उतरल्यावर दमछाक करणारा चढ. मास्तरांच्या घरी जाणार होती ती पोरगी आता नाचणी लावते. आमच्या महाडच्या घरी ती पुन्हा आली नाही.

तिच्या घरी मात्र फार शांतता असते. दर मे महिन्यात मी बायकोमुलांसह तो चढ चढतो. यंदा तिची सासू म्हणाली, "भाऊ, सकाळची गाडी बरी पडंल तुमास्नी."

मी आणखी आठवडाभर राहिलो.