मूठ किती किलोची?

आमच्या वॉर्डातले किस्से वर्षानुवर्षं साठत गेलेत. सांगायला बसले की ऐकणारे पोट धरून हसतात आणि माझं मात्र डोकं फिरतं. नगरच्या सावेडीतल्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या हातात किती जोर परत आला, हे मोजणं माझं काम. मूठ आवळायचा एक मीटर असतो, तो किलोत आकडा दाखवतो. दर वेळी तीच खुर्ची, कोपर अंगालगत, तीनदा आवळायचं, मध्ये विसावा. एवढंच! पण एवढंच कोणाला करायचं नसतं.

*

केडगावचे एक रिटायर हेडमास्तर. मीटर सहावर थांबला. "बाबा, जोर लावा ना!" म्हणत मुलीनं त्यांच्या मुठीवर स्वतःची मूठ आवळली. एकदम अठरा! जावई म्हणाला, "मॅडम, हाच लिहा. बाबांना बरं वाटेल."

"मग ताप आल्यावर थर्मामीटरही तुमच्याच काखेत ठेवू का?" मी म्हटलं.

मास्तर हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले.

*

माझा एक सहकारी रोज न चुकता आकडे भरायचा. रोज नऊ, नऊ, नऊ. एका सोमवारी मी घरून येणाऱ्या एका पेशंटला विचारलं, "काल नऊ किलो झालं का हो?"

"काल? काल मी पुणतांब्याला भाच्याच्या लग्नात हुतो की!"

सहकाऱ्याला जाब विचारला, तर हा म्हणतो, "परवा नऊच होतं, एका दिवसात काय बदलणार?" अरे, बदलत नाही तर मोजतोस कशाला? लाज वाटायला हवी होती. त्यानं चहा मागवला.

*

आणि पुढे पुढे तर मीटर असायचा कुठे? मोठ्या सरांच्या, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांच्या कपाटात, कुलपात! "महागाची वस्तू आहे, पडेल." बाहेरचे पाहुणे आले की तो टेबलावर यायचा. एरवी सर आपली दोन बोटं पेशंटच्या हातात द्यायचे, "दाबा" म्हणायचे आणि पाचपैकी मार्क द्यायचे. सर सकाळी खुशीत असले की तीन, जेवायची वेळ टळली की दोन.

*

पार्वतीबाई राहात्याकडच्या. उजवी बाजू गेलेली. सून प्रेमानं भरवायची, तरी दर घासाला बाईंच्या डोळ्यांत पाणी. "ताई, मला काय बी नको. माज्या हातानं भाकर खायची हाय, बस."

सरांनी बोटं दिली. बाईंनी नुसता हात लावला. सरांनी लिहिलं, एक. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. मी बाईंना बाजूला नेऊन विचारलं, "दाबत का नाही?"

"येवड्या मोठ्या डाक्टरची बोटं दाबू? बरं दिसतं का ते?"

मी कपाळावर हात मारला. भांडून किल्ली घेतली, मीटर काढला, रीतसर तीन आठवडे मोजलं. चार, सहा, नऊ. वाढतंय! कागद सरांसमोर ठेवला. सरांनी तो वाचलाही नाही. "वीस वर्षं हात बघतोय मी. आता मीटर मला शिकवणार?" आणि बाईंच्या मुलाला सांगितलं, "सुधारणा थांबली. व्यायाम बंद करा, घरी न्या." पार्वतीबाईंच्या समोर! जणू बाईंचे कानही लकव्यात गेले होते.

मुलगा बिचारा मान हलवत होता. डिस्चार्जचा कागद आला. बाईंना सही येत नाही, म्हणून शाईचं पॅड आलं. सिस्टर दुसरीकडे होती, सरांना घाई. त्यांनी स्वतःच बाईंचा उजवा अंगठा धरला आणि पॅडकडे ओढला.

पार्वतीबाईंनी मूठ मिटली. सरांची दोन बोटं आत.

"सोडा," सर म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "अहो, सोडा!" मुलगा धावला, "आये, सोड की, डाक्टर हायेत त्ये!" दोघांनी मिळून ओढलं. सरांचा चेहरा लाल झाला.

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "ताई, सोडू का?"

मी म्हटलं, "आधी सरांना आकडा लिहू द्या."

सरांचा लिहायचा हात तोच होता.