माणूस हलतो कशानं

लातुरात मला हलवता न येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. डाळमिलमध्ये मशिनी चालवण्यात हयात गेली. शाळा चौथीत सुटली, पण बंद मशीन आणि बसलेला माणूस, दोन्ही चालू करायची कला या हातात हाय! आता आमचं मांजर माझ्या खुर्चीवरून उठत न्हाई, ती गोष्ट वेगळी. मीच खाली बसतो.

मिलमध्ये असले किस्से भुश्शासारखे साचतात. चाळून हे एवढे उरले.

*

मालकाला एकदा वाटलं, हमालांत जोश कमी हाय. त्यांनी मोटिवेशनचं भाषण देणारे एक सर आणले. सरांनी टाळ्या वाजवून घेतल्या, 'मी करू शकतो' असं ओरडायला लावलं. मग हमालांचा मुकादम मारुती, माझा जिगरी दोस्त, त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सांगा काका, रोज पहाटे तुम्हाला झोपेतून उठवणारी ती शक्ती कोणती?"

मारुतीनं इमानदारीनं विचार केला.

"लघवी, सर."

भाषण लवकर आटोपलं.

*

मारुतीची बायको कौशल्या मिलमध्ये डाळ निवडायला होती. एका दिवशी बाया कंटाळल्या, हात चालेनात. मी त्यांच्यात बसलो आणि गोष्ट सुरू केली: आमच्या गल्लीत लग्न, बँड जोरात वाजतोय, अन् नवरी मांडवातून उठून बुलेटवर पळाली. कुणाच्या मागं बसली, तिथं थांबलो. म्हणलो, ढीग संपला की पुढचं. भाकरीच्या सुट्टीआधी ढीग साफ!

पंचाईत अशी, की गोष्ट मनानंच रचलेली. बुलेटवर कोण होता ते मलाच ठाऊक न्हाई. बाया घेरून बसल्या, तेव्हा घाईघाईत बँडवाल्याला बसवून दिलो.

कौशल्या सुपातून मान वर न करता म्हणली, "मग बँड कोण वाजवून राहिलं होतं, भाऊजी?"

*

उन्हाळ्यात पोत्यांची गाडी आली की हमाल लिंबाखाली आडवे. उठा म्हणून फायदा न्हाई. मी गपचूप जाऊन पोत्यांची थप्पी वाकडीतिकडी लावायला घेतलो. मारुतीला ते बघवेना. तणतणत उठला, मला बाजूला ढकललं आणि टोळी घेऊन गाडी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मी जेवून पडलो होतो. डोळा उघडून बघतो, तर मारुती माझ्या मशीनला पट्टा उलटा चढवून राहिला! धावत गेलो, पट्टा काढला, नीट बसवला, मशीन चालू केली. तोवर हा लिंबाखाली परत आडवा.

"औषध चांगलं हाय," म्हणला.

*

मागल्या साली मारुतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, रोज चाल, न्हाईतर पाय कायमचा आखडंल. आणि हा गडी खाटेवरून उतरेना! मी गेलो की कौशल्या डोळ्याला पदर लावायची. सकाळी त्या बाजूला ऑटो मिळत न्हाई, म्हणून गाव ओलांडून रोज पायी जायचो. जाऊन त्याला चिडवायचो, शिव्या द्यायचो. नवा मुकादम तुझ्या थप्प्या मोडून परत लावतोय, अशी थाप मारली. "लावू दे," म्हणला. तंबाखूची डबी दूर खिडकीत ठेवली, तर त्यानं तंबाखूच सोडली.

मला घोर लागला. सारी उमर पोती वाहिलेला माणूस माझ्यादेखत लंगडा होऊन राहिला होता, आणि माझी एक मात्रा चालेना.

एका सकाळी जरा लवकरच निघालो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचतो, तर मारुती दुधाची पिशवी घेऊन समोरून ताडताड चालत येऊन राहिला. मला बघून दचकलासुद्धा न्हाई.

"लबाडा," मी म्हणलो, "मग खाटेवर कशाला पडतोस?"

"मी तर पहिल्या हप्त्यातच चालायला लागलो. तुझ्या शुगरसाठी डॉक्टर चाल चाल म्हणून बोंबलून थकला, पण तू हलंना. वैनी म्हणल्या, भाऊजी, तुम्ही पडून राहा, त्याबिगर हे पायी चालायला निघायचे न्हाईत." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता तूच सांग मिस्तरी, उद्यापासून मी चालू का झोपू?"