धाकटीचा रंग

माझी धाकटी बहीण आईवर गेली होती. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, केसही पिंगट. मी बाबावर गेले. आमचा दोघांचा रंग एकच, चांगला गडद. घरात त्यावर कुणी काही बोलायचं नाही, पण सुट्टीत पुण्याला गेलो की बेसन आणि हळदीची वाटी माझ्यासाठीच कालवली जायची. धाकटीला कधी कुणी ती लावली नाही.

आम्ही सिंगापूरमध्ये, सेंगकांगला राहायचो, दहाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरलं की कुणी ना कुणी वाकून तिच्या गालाला हात लावायचं. "सो प्रिटी! नॉट लाइक इंडियन, लाह!" ती हसायची. मी लिफ्टची बटणं बघत उभी राहायची. आई "थँक यू" म्हणायची आणि बाहेर पडल्यावरही तिचा चेहरा जरा खुललेला असायचा. माझा जीव तेव्हा इतका जळायचा, की मी बहिणीचा हात मुद्दाम घट्ट दाबून धरायची.

आमच्याच मजल्यावर, लिफ्टपासून तिसऱ्या दारात, माझी मैत्रीण राहायची. चिनी कुटुंब होतं. ती माझ्या वर्गात होती आणि शाळेत जाता-येता आम्ही बरोबर असायचो. तिच्या घरात मात्र मी कधी गेले नव्हते. दाराच्या लोखंडी जाळीतूनच आम्ही बोलायचो. तिची आजी आत टीव्ही बघत असायची. धाकटी सोबत असली की तीच आजी उठून यायची, जाळी उघडायची आणि तिला आत नेऊन अननसाचं बिस्कीट द्यायची. मला वाटायचं, लहान मुलांचे लाड असतात, तसे हे लाड. आपण दहा वर्षांच्या झालो, आता आपले कोण करणार?

त्या वर्षी मी सायकल शिकले होते. मैत्रिणीनं एकदा सांगितलं, की शनिवारी ते सगळे पुलाउ उबीनला जाणार आहेत. बोटीनं बेटावर जायचं, सायकली भाड्यानं घ्यायच्या आणि दिवसभर फिरायचं. "यू कम, लाह," ती म्हणाली. मी घरी येऊन आईच्या मागे लागले आणि परवानगी मिळवली. शुक्रवारी संध्याकाळी पिशवीत टोपी, पाण्याची बाटली, सगळं भरून ठेवलं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. मैत्रीण आणि तिची आजी दारात होत्या. आजी आईला म्हणाली, की गाडीत एकच जागा आहे, तर धाकटीला पाठवा. मैत्रीण चपलेकडे बघत होती.

"पण सायकल मला येते," मी आईला मराठीत म्हणाले. "हिला तर चालवताही येत नाही."

"लहान आहे गं ती. जाऊ दे. तुला आपण नेऊ पुन्हा कधीतरी," आई म्हणाली आणि माझी टोपी तिच्या डोक्यावर घातली.

तो अख्खा दिवस मी कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून काढला. खालून छोटी ट्रेन जायची, यायची. मी मनात म्हणत होते, तिला बोट लागू दे. तिचा पाय मुरगळू दे.

काहीच झालं नाही. संध्याकाळी ती उन्हानं लालबुंद होऊन परतली. तिला रानडुक्कर दिसलं होतं. शहाळं प्यायली होती. मैत्रिणीच्या बाबांच्या मागे बसून टेकडीवर गेली होती. मी ऐकून घेत होते आणि प्रत्येक गोष्ट मला माझीच चोरून नेल्यासारखी वाटत होती.

"आणि येताना मी गाडीत मागे पाय पसरून झोपले," ती म्हणाली.

"झोपलीस? जागा कुठे होती?"

"होती की. पूर्ण सीट रिकामी होती. जातानाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

धाकटी सहा वर्षांची होती. तिला लपवायचं काही आहे हेच ठाऊक नव्हतं. "त्यांची आजी म्हणाली, मी चिनी मुलीसारखी गोरी दिसते. ताई काळी आहे आणि तिच्या केसांना तेलाचा वास येतो, गाडीत बसून राहतो." मग तिनं माझा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, तू काळी आहेस?"

तिनं खरंच कधी पाहिलंच नव्हतं.

मला त्या आजीचा राग यायला हवा होता. आला तो बहिणीचा. मी हात सोडवून घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन साबणानं केस धुतले, दोनदा.

रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "उद्यापासून हिच्या केसांना तेल नको लावायला."

बाबा जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये इंजिनिअर होता. त्यानं घास तसाच ठेवला. "कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते," तो म्हणाला. "मी तर तेल लावत नाही." आईनं मान खाली घातली. त्यानंतर तेल लागत राहिलं, आणि त्या घरी धाकटीला पाठवणं आईनं बंद केलं. मैत्रीण शाळेत माझ्याशी बोलायची. मीही बोलायची, पण तिच्या जाळीपाशी थांबायची नाही.

पुढच्या वर्षी धाकटी माझ्याच शाळेत आली. बाबाची शिफ्ट बदलली होती, त्यामुळे दुपारी तो आम्हाला न्यायला यायचा. एक दिवस तो फाटकाशी दिसला नाही. पाहिलं तर रस्त्यापलीकडे, सिग्नलच्या खांबाजवळ उन्हात उभा. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"बाबा, तू इकडे का उभा असतोस?"

तो म्हणाला, "धाकटीनं सांगितलंय, फाटकाशी थांबू नकोस. तिच्या वर्गातली मुलं विचारतात, हा काळा माणूस तुझा कोण? त्यांना ती मिक्स्ड, अर्धी चिनी वाटत होती. लहान आहे गं. जाऊ दे."

मी रस्ता ओलांडून येणाऱ्या धाकटीकडे पाहिलं. पाठीवर दप्तर, उन्हात चमकणारे केस. इतकी वर्षं मला तिचा रंग हवा होता. लिफ्टमधले लाड हवे होते, बेटावरची टेकडी हवी होती. त्या क्षणी मात्र सगळ्यात जास्त हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिला लपता येत होतं. बाबाला रस्त्यापलीकडे उभं केलं की झालं. मी त्याला कुठेही उभं केलं असतं, तरी माझ्या तोंडावर तो दिसलाच असता.

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याआधी धावत सिग्नलपाशी गेले आणि बाबाचा हात ओढला. "चल, फाटकापाशी."

"अगं, तिला आवडत नाही."

"मला आवडतं."

आम्ही दोघं फाटकाच्या अगदी समोर उभे राहिलो. धाकटी मुलांच्या घोळक्यातून बाहेर आली, आम्हाला पाहून जागीच थबकली. एका मुलानं तिला काहीतरी विचारलं. मला वाटलं, ती मागे फिरेल, आणि खरं सांगायचं तर तिनं फिरावं असंही वाटलं, म्हणजे बाबा फक्त माझा उरला असता.

ती चालत आली. बाबाकडे न बघताच तिनं दप्तर काढून त्याच्या हातात दिलं आणि रडक्या आवाजात म्हणाली, "खूप जड आहे."

बाबानं दप्तर खांद्याला लावलं. घरी पोचेपर्यंत ती त्याचं बोट धरून होती. दुसऱ्या बाजूनं मी.