वरच्या अकरा पट्ट्या

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे पियानो जुळवतात असं मला सांगण्यात आलं. मला वाटलं, सुटे भाग जोडून पियानो विकत असतील. तसं मी बोलूनही गेले. मग सासऱ्यांनीच समजावलं, की पियानोत दोनशेच्या वर तारा असतात, त्या सारख्या उतरत असतात, आणि कुणाला तरी जन्मभर त्यांच्या मागे लागून त्यांना जागेवर आणावं लागतं. "म्हणजे पोरांसारखंच की," मी म्हणाले. ते खो खो हसले. त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांच्या मुलाशी जमायला मला आणखी वर्षभर लागलं.

बाबांइतका, म्हणजे सासऱ्यांइतका, कानाचा हट्टी माणूस मी पाहिला नाही. शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा बेसूर आहे हे सांगायला ते दोनदा त्यांच्याकडे गेले होते. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांनी दारच उघडलं नाही. पंधराव्या वर्षी ते दुरुस्तीच्या दुकानात लागले, दुकान बंद पडल्यावर घरोघरी जाऊन काम करू लागले. मग घरांतले पियानो विकले गेले, शाळांनी विजेवरचे आणले, आणि शेवटी एकच उरला, कलासंग्रहालयाचा. संग्रहालयाच्या अंगणात उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी फुकट मैफली होतात. सगळं आजचं संगीत, ज्यांनी लिहिलं ते बहुधा समोरच बसलेले असतात. एकतीस उन्हाळे तो पियानो बाबांनी जुळवला. ते संगीत त्यांना काडीचं आवडत नव्हतं. "त्यांनी तारेवर चमचे घासावेत नाहीतर डोकं आपटावं," ते म्हणायचे, "मी पियानो देतो तो सरळ देतो."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह पिपपिप करून दमला आणि बाबा त्याच्याच शेजारी शांतपणे चहा पीत बसलेले मला दिसले. मी गुपचूप त्यांना डॉक्टरांकडे नेलं. वरचे सूर गेले, परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाकी सगळं ठणठणीत होतं. रस्त्यात बाबा म्हणाले, "घरात सांगू नकोस. तो पियानो गेला की मी नुसता म्हातारा उरेन." मी सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

मग आम्ही एक युक्ती काढली. घरी एक मोडका पियानो आहे, त्यावर त्यांनी मला ऐकायला शिकवलं आणि चावी फिरवायलाही शिकवलं. चावी म्हणजे तारांच्या खुंट्या फिरवायचा लांब दांडा. अंगणात ऊन असतं, म्हणून मी त्यांच्या मागे छत्री धरून उभी राहायची. छत्री एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या खांद्यावर. एकदा टिचकी मारली की तार चढलीय, दोनदा मारली की उतरलीय, बोट सपाट टेकलं की बरोबर. लोकांना वाटे, काय गुणाची सून! संग्रहालयाचे व्यवस्थापक तर आपल्या बायकोला माझं उदाहरण देत. त्या बाईची मनोमन मी कितीदा माफी मागितली असेल.

पण याच व्यवस्थापकांनी उन्हाळा सुरू होताना सांगून ठेवलं होतं, "काका, आता यंत्रावर बघून जुळवणारी तरुण मुलं आहेत. एकही तक्रार आली, तर मला त्यांच्यातल्या कुणाला तरी बोलवावं लागेल." म्हणजे टांगती तलवार होतीच.

त्या रविवारी चार वाजता आम्ही पोचलो. मैफल साडेसहाची. पायऱ्यांवर लोक आतापासूनच उशा टाकून जागा धरत होते. बाबांनी झाकण उघडलं, खालून वर एकेक पट्टी तपासत आले. खालचं आणि मधलं त्यांचं त्यांनी केलं. अगदी वरच्या अकरा पट्ट्यांना आल्यावर माझं बोट सुरू झालं. त्या अकराही उतरल्या होत्या. कानात वाळू गेल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, ऊन. मी दोनदा, दोनदा, दोनदा टिचक्या मारत गेले, बाबा चढवत गेले, आणि पाच वाजता वरपासून खालपर्यंत पियानो लख्ख झाला.

एक गोष्ट मी ऐकली होती आणि सांगितली नव्हती. वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. अकराही ठिकाणी फक्त उजवीकडचीच तार उतरलेली होती. उन्हानं उतरणाऱ्या तारा अशा शाळेतल्यासारख्या रांगेत उतरत नाहीत. बाबांना ऐकू आलं असतं तर ते तिथेच थबकले असते. मला ऐकू आलं, पण थबकायला लागणारी चाळीस वर्षं माझ्याकडे नव्हती.

पावणेसहाला व्यवस्थापकांबरोबर संगीतकार बाई आल्या. सडपातळ, पन्नाशीच्या, हातात सफरचंद. उभ्या उभ्या वरच्या दोन पट्ट्या वाजवल्या आणि सफरचंद खाली ठेवलं.

"हा कुणी नीट केला?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न बाबांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ते उठून उभे राहिले. "मी. का?"

"सकाळी दोन तास बसून मी तो मुद्दाम उतरवला होता! अकरा सूर. सगळी रचना त्यावर उभी आहे. मी यांना सांगितलं होतं, कुणाला हात लावू देऊ नका."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "आमच्या काकांना बेसूर सहन होत नाही ना," ते म्हणाले आणि हसले. निरोप स्वतः विसरले होते आणि खापर आमच्या माथी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले असते तर बोटाचंही बोलावं लागलं असतं.

"परत होता तसा करतो," बाबा म्हणाले.

"किती उतरवायचं ते लिहिलेलं नाही. मी कानानं केलं होतं."

"मीही कानानंच करतो," बाबा म्हणाले आणि बसले.

सहाला पाच कमी. बाबांनी पहिली खुंटी सैल केली. मी दोनदा टिचकी मारली, मग थांबले. आमच्याकडे 'बरोबर'ची खूण होती. 'इतकंच चुकीचं'ची खूणच नव्हती! मी एकदा मारली, पुन्हा दोनदा, बोट टेकवलं, उचललं. बाबा गोंधळले. तार जास्तच खाली गेली.

"असं नव्हतं," बाई म्हणाल्या.

पुन्हा. "असंही नव्हतं." पायऱ्या भरत चालल्या होत्या. व्यवस्थापक तारांकडे बघत नव्हते. ते माझ्या बोटाकडे बघत होते. मी बोट काढून घेतलं. त्याबरोबर बाबांचा हात खुंटीवर थांबला. घरात दिवे गेल्यावर माणूस जिथल्या तिथे उभा राहतो, तसे ते बसून राहिले.

मग त्यांनी चावी काढून माझ्यापुढे धरली.

"मला वरचं ऐकू येत नाही," ते मोठ्यानं म्हणाले. पहिल्या पायरीवरच्या लोकांनासुद्धा ऐकू गेलं. "दोन वर्षं झाली. वरचं सगळं ही ऐकते. कसं होतं ते हिनं ऐकलंय, तिला करू द्या."

"बाबा, मला नाही जमायचं."

"काय ऐकलं होतंस?"

"कानात वाळू. आणि आत लाट, फार जलद. मोजता येत नाही इतकी."

"हो!" बाई एकदम म्हणाल्या. "तेच."

छत्री मी व्यवस्थापकांच्या हातात कोंबली. तार तुटली तर मैफलच बुडणार होती. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. खुंटी किती हलते आहे ते त्यांच्या हाताला माझ्याआधी कळत होतं. "मनगट नको. खांद्यानं ओढ. केसाइतकं. थांब, आता ऐक." एक झाली. दोन झाल्या. बाई प्रत्येक वेळी होकाराची मान हलवत. नवव्या पट्टीला नाही म्हणाल्या, मी पुन्हा केली. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी अकरावी लागली आणि बाई सफरचंद उचलून आत गेल्या.

मैफलीला आम्ही मागे, खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभे राहिलो. बाई वरच्या पट्ट्यांवर आल्या तेव्हा बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ते सूर ऐकून माझे दात आंबले आणि तोंड वाकडं झालं. ते पाहून बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

टाळ्या संपल्यावर व्यवस्थापक आले. छत्री मिटून आणली होती. "काका, पुढच्या रविवारी..." ते चाचरले.

बाबांनी गळ्यातला संग्रहालयाचा पास काढला. त्यावरच्या फोटोत त्यांचे केस काळेभोर आहेत. "यावर नाव बदला," ते म्हणाले. "छत्री मी धरीन."

मला रडू आलं. राग आला, अभिमान वाटला, आणि आपण त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलं असंही वाटलं. व्यवस्थापकांनी पास घेतला आणि मला फोटो आणायला सांगितलं.

फाटकाबाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "सूनबाई, दोन वर्षं नुसत्या टिचक्या मारतेस. वरचं कसं वाजतं ते कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"आता विचारतो. पहिल्यापासून सांग."

घर चालत अर्ध्या तासावर आहे. मी पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. नववीला पोचलो तेव्हा आमची गल्ली आली होती. आणखी दोन राहिल्या होत्या, म्हणून आम्ही घरावरून पुढे गेलो.